दाराशी बसवलेल्या गिरजाबाई

अनुभव सांगायची मला फार सवय होती, आणि हे लिहायला बसताना तीच सवय आड येते आहे. आमच्या भजनी मंडळात दर शुक्रवारी आरती झाली की कोणीतरी आपल्याला आलेला देवीचा अनुभव सांगायचं. कोणी पुढे आलं नाही तर बायका माझ्याकडे बघायच्या. मी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते, निवृत्त झाले तरी बोलण्याची सवय सुटली नव्हती. मी सांगितलं की बायका ऐकायच्या, काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि घरी जाताना मला आतून बरं वाटायचं. तेव्हा त्या बरं वाटण्याला मी भक्तीच समजत होते.

माझा ठरलेला अनुभव एकच होता. मला दहा-अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. मध्ये दोनेक वर्षं माझ्या पायांची इतकी आग व्हायची की अंगावरचं पांघरूणसुद्धा पावलांना सहन होत नसे. डॉक्टरांच्या गोळ्या मी कधी घ्यायची, कधी विसरायची. शेवटी गडावरच्या देवीला सांगितलं की आई, आता तूच बघ, आणि एकवीस शुक्रवार केले. हळूहळू आग कमी झाली आणि एक दिवस पूर्ण थांबली. पावलं शांत झाली, इतकी शांत की जमिनीवर पाय ठेवला तरी कळू नये. हा अनुभव मी किती वेळा सांगितला असेल याची गणती नाही. तो ऐकून आमच्यातल्या सुलभाताईंनी, त्यांनाही मधुमेह होता, गोळ्या बंद करून एकवीस शुक्रवार धरले. मला ते समजलं तेव्हा मी त्यांना अडवलं नाही. उलट मला थोडा अभिमानच वाटला.

मी सांगते आहे तो काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा नोकरीनिमित्त औरंगाबादला होता, आणि मी गंगापूर रोडच्या बाजूला आमच्या बैठ्या घरात एकटी राहत होते. कॉलनीच्या कोपऱ्यावर देवीचं लहानसं देऊळ. तिथेच आमचं मंडळ जमायचं. बहुतेक बायका कॉलनीतल्याच. एक गिरजाबाई तेवढ्या बाहेरच्या. त्यांची मखमलाबादच्या बाजूला थोडी जमीन होती, झेंडू आणि शेवंती लावायच्या, पहाटे फुलं बाजारात घालून उरलेली टोपलीत घेऊन आमच्या भागात दारोदार विकायच्या. शुक्रवारी टोपली देवळाच्या पायरीवर ठेवून आत येऊन बसायच्या. वय माझ्याएवढंच, साठीला आलेलं. आवाज भसाडा होता, पण ताल पक्का. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी येऊ नका असंही म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी पौषात नाशिकला चांगलीच थंडी पडली होती. मी दिवसभर अंगठ्याचे सुती मोजे घालून असायची, देवळातही तशीच बसायची. एका शुक्रवारी भजन चालू असताना मला कसला तरी वास आला. कुजल्यासारखा, गोडसर, मध्येच नाकात शिरणारा. दुसऱ्या बायकांनाही आला असावा, कारण दोघींनी पदर नाकाला लावला. पुढच्या शुक्रवारी तोच वास, जास्तच. गिरजाबाई माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या. त्यांच्या लुगड्याला मातीचे डाग होते आणि नखांत काळं होतं. माझा निर्णय तिथल्या तिथे झाला.

मी टाळ खाली ठेवला आणि चालू भजन थांबवलं. शाळेत मुलींना बोलायची त्याच आवाजात म्हणाले, "गिरजाबाई, तुम्ही शेणखतात काम करता, त्याला माझी ना नाही. पण देवीसमोर येताना निदान लुगडं तरी बदलून यावं. वास येतोय सगळ्यांना. तुम्ही जरा दाराशी बसत जा."

गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही समोर दिसते. त्या वेळी मला ती निर्लज्ज वाटली होती, कारण त्यांनी मान खाली घातली नाही. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली, माझ्या पायांकडे. मग पदर सावरून उठल्या आणि उंबऱ्याजवळ, जिथे आम्ही सगळ्या चपला काढायचो, तिथे जाऊन बसल्या. मी पुढचं भजन सुरू केलं. त्या दारातून टाळी वाजवत राहिल्या.

वास काही गेला नाही. मी म्हटलं सतरंजीत मुरला असेल, आणि देवळातली सतरंजी धुवायला लावली. घरीही मला तो वास यायचा. मोरीत फिनेल ओतलं, कपाटामागे उंदीर मेला असेल म्हणून शेजारच्यांना बोलावून कपाट हलवलं. घरात वास, देवळात वास, आणि दोन्हीकडे असणारी मी एकटीच. इतकी वर्षं मुलींना गणित शिकवलेल्या बाईला एवढा साधा हिशेब सुटला नाही.

खरं लिहायचं म्हणून बसले आहे, तेव्हा हेही लिहिते. मला अगदीच काही ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा रात्रीचा मोजा काढताना तो डाव्या तळव्याला चिकटलेला होता. ओढला तेव्हा त्याच्यावर पिवळट तांबूस डाग होता. तळवा वळवून बघणं गुडघ्यांमुळे जमेना आणि चष्म्यातूनही नीट दिसेना. दुखत तर मुळीच नव्हतं. मी त्यावर हळद दाबली, दुसरा मोजा चढवला आणि तो डागाचा मोजा फेकून दिला. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मनाला सांगितलं. मनाच्या मागच्या कोपऱ्यात मात्र भीती होती की डॉक्टरकडे गेले तर माझा तो अनुभव खोटा ठरेल. पायापेक्षा मला त्याची काळजी जास्त होती.

त्या आठवड्यात गिरजाबाई दोनदा माझ्या दारी आल्या. पहिल्यांदा मी जाळीच्या दारातूनच म्हणाले, "आज फुलं नकोत." त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी आत वळले. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा टोपली खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "बाई, तुमाला साखर हाय का?" मला वाटलं मागायलाच आल्या. शुक्रवारी जे बोलले त्याची थोडी टोचणी असेल, मी वाटीभर साखर आणली आणि दार किलकिलं करून पुढे केली. त्या वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही नाय वो. असू द्या." आणि निघून गेल्या. साखर नको तर मागितली कशाला, म्हणून मी चिडले. त्यांच्याकडे मधुमेहाला साखर म्हणतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिसरा शुक्रवार. त्या दिवशी सकाळपासून मला कणकण होती, तोंड कोरडं पडत होतं, पण मंडळ माझ्यावाचून कसं चालेल या घमेंडीत मी गेले. आरती झाली, प्रसादाचा पेढा मी नेहमीसारखा खाल्ला, बायका एकेक करत पांगल्या. मी देवीपुढचा दिवा सारखा करून बाहेर आले तर पायरीवर गिरजाबाई एकट्या बसलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर माझी डावी चप्पल.

"माझ्या चपलेला हात का लावलात?" मी विचारलं.

त्या जागेवरून उठल्या नाहीत. "बाई, ही आता पायात घालू नका," त्या म्हणाल्या आणि चप्पल माझ्यासमोर धरली. करंगळीच्या बाजूचा पट्टा मी महिना-दीड महिन्यापूर्वी शिवून आणला होता. तिथे आतल्या बाजूने चांभाराचा एक चुका, बारीक खिळा, वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्याभोवतीचं कातडं काळं, ओलसर झालेलं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या. गिरजाबाईंनी बोट चुक्याच्या टोकाशी नेलं. "हे रोज तुमच्या पायात घुसतंय. तुमाला कळंना कसं?"

मी त्यांना चपलांजवळ बसवलं होतं, म्हणून ती चप्पल त्यांना दिसली होती.

"बसा," त्या म्हणाल्या. मला कोणी असं बस म्हटल्याला बरीच वर्षं झाली असतील. मी बसले. त्यांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि मोजा हळूहळू सोडवला. तो वास आला आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. तीन शुक्रवार मी ज्या वासाबद्दल बोलत होते तो माझ्यातून येत होता. गिरजाबाईंनी तोंड फिरवलं नाही. तळव्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "रिक्षा आणते. हलू नका, पाय टेकवू नका."

दवाखान्यात जाताना रिक्षात मी देवीचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. नाव ओठांवर येईना. एवढंच मनात येत होतं की या बाईला मी वासाची म्हटलं, आणि हिच्या लुगड्यावर आता माझ्या जखमेचं पाणी लागलं आहे.

सर्जन तरुण होते, शांत बोलणारे. करंगळीखालून सुरू झालेली जखम आत हाडापर्यंत गेली होती. रक्तातली साखर इतकी वाढली होती की त्यांनी आकडा दोनदा तपासून घेतला. ते म्हणाले, "आजी, साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. रक्तही नीट पोचत नाही. त्यामुळे लागलेलं कळत नाही, आणि जखम भरून यायला ताकद राहत नाही. तुम्हाला दुखत नाही, हेच तुमचं दुखणं आहे." मग त्यांनी विचारलं, "आधी कधी पायांची आग व्हायची का?"

मी म्हटलं, "व्हायची. देवीच्या कृपेने थांबली."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आग होत होती तेव्हा नसा सांगत होत्या की त्रास होतोय. थांबली तेव्हा सांगणारं तिथे कोणी उरलं नव्हतं."

गिरजाबाई दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं का, मला माहीत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं. माझा अनुभव, एकवीस शुक्रवार, बायकांच्या डोळ्यांतलं पाणी, सुलभाताईंच्या बंद झालेल्या गोळ्या, सगळं एकदम समोर आलं. मी देवीच्या नावावर माझ्याच नसांचं मरण वाटत फिरले होते.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तळव्याचा काही भाग कापावा लागला, पण पाऊल राहिलं. आणखी आठवडा गेला असता तर घोट्याच्या वरून काढावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. माझी सून वैशाली औरंगाबादहून आली. शुद्धीत आल्यावर मी तिला पहिलं काम सांगितलं ते सुलभाताईंकडे जाण्याचं. "त्यांना सांग, बाईंनी जे सांगितलं ते चुकीचं होतं. आजच्या आज गोळ्या सुरू करा आणि रक्त तपासा." वैशालीला काही समजेना, पण ती गेली. सुलभाताईंची साखरही खूप वाढलेली निघाली. वेळेवर उपचार सुरू झाले, त्या सावरल्या. त्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्यानंतर त्या भजनाला आल्या नाहीत, आणि रस्त्यात भेटल्या की नमस्कार करून पुढे जातात. ते मी सहन करायलाच हवं.

गिरजाबाई रोज सकाळी बाजार आटोपून यायच्या. खाटेजवळच्या स्टुलावर बसायच्या, वैशालीने दिलेला चहा बशीत ओतून प्यायच्या. मलमपट्टी बदलताना परिचारिकेला सांगायच्या, "बोटांच्या बेचक्यात कोरडं करा वो, तिथं पाणी राहतं." चार-पाच दिवसांनी मी धीर केला आणि विचारलं, "तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

"आमच्या मालकाला हेच झालं होतं," त्या म्हणाल्या. "आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्यापासून. हा वास मी आठ महिने नाकात घेऊन झोपली. देवळात पहिल्याच दिशी वळखला."

"मग त्या दिवशी मी तुम्हाला बोलले तेव्हा..."

"तवा माहीत होतं मला, तुमच्या पायाचा हाय म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "चारचौघींत कसं सांगायचं? तुमी शाळेच्या मोठ्या बाई. सगळ्या तुमच्या तोंडाकडं बघतात. म्हणून घरी आली, तर तुमी वाटीत साखर घातली."

मी रडले. फार वर्षांनी कोणासमोर तरी रडले. त्यांचे हात धरून म्हणाले, "मला क्षमा करा. तुम्हाला माझा राग नाही आला?"

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. अशा वेळी माणसं नाही म्हणतात.

"आला ना," त्या म्हणाल्या. "लय आला. दोन दिस नीट जेवली नाय. म्हटलं आता त्या देवळाची पायरी चढायची नाय. पण तुमचा पाय सडत होता. राग धरून घरी बसली असती तर देवीला काय सांगितलं असतं?"

त्या टोपली उचलून निघून गेल्या, आणि मी बराच वेळ दाराकडे बघत पडून राहिले. आयुष्यभर मी देवीच्या कृपेची वाट बघत होते, आणि ती आली तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर उठवून बाहेर बसवलं होतं. मंडळातल्या एक बाई मला भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बघा, तुम्ही त्यांना दाराशी बसवलंत म्हणून चप्पल दिसली. देवीनेच तुमच्या तोंडून वदवलं." त्यांना माझं मन हलकं करायचं होतं. पण मी ते मान्य केलं नाही. देवीने माझ्या हीनपणातूनही वाट काढली असेल, ती तिची थोरवी. हीनपणा माझाच होता. तो तिच्या पदरात टाकून मी मोकळी होऊ शकत नाही.

जखम भरायला साडेतीन महिने लागले. त्यातले बरेच दिवस पाय जमिनीला लावायचा नव्हता. रोज इन्शुलिनची सुई, रोज मलमपट्टी. कधी आठ दिवस जखम लाल, स्वच्छ दिसायची आणि पुन्हा कडेला पांढरी पडायची. पहिले काही दिवस मी सवयीने देवीला सांगत होते की लवकर बरी कर. पुढे ते मागणं आपोआप बंद झालं. पट्टी सोडली जात असताना मी फक्त डोळे मिटून पाय पुढे करून बसायची. परिचारिका येवो, वैशाली येवो, गिरजाबाई येवोत, ज्याच्या हाती दिला त्याच्या हाती दिला. माझा इतका कुरूप झालेला पाय कोणी बघू नये म्हणून सुरुवातीला मी पदर टाकायची. नंतर तो पदरही टाकेनाशी झाले. शरणागतीवर मी मंडळात कितीतरी बोलले होते. ती मला तिथे, खाटेवर, दुसऱ्याच्या ओंजळीत पाय देताना थोडीशी समजली.

वैशाखात मी पुन्हा देवळात गेले, काठी घेऊन. आरतीनंतर बायकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, आता बाई देवीने पाय कसा वाचवला ते सांगतील. मी उभी राहिले आणि आधी माझा जुना अनुभव परत घेतला. आग देवीने थांबवली नव्हती, माझ्या हलगर्जीपणाने नसा मेल्या होत्या, असं सांगितलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्या सोडू नयेत, रोज तळवे बघावेत, स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याला बघायला सांगावं, तीही उपासनाच समजावी, असं सांगितलं. मग पौषातल्या त्या वासाबद्दल सांगितलं. तो कोणाचा होता, कोणाला मी उठवलं, आणि त्या बाईंनी सगळं ठाऊक असून तो आरोप कसा स्वतःवर घेतला, हे सांगितलं. शाळेत इतकी वर्षं बोलले, पण असं कधी बोलले नव्हते.

बायका गिरजाबाईंच्या पाया पडायला पुढे झाल्या. त्या घाबरून उठल्या आणि पाय आखडून घेऊ लागल्या. बाहेर आल्यावर माझ्यावर रागावल्या. "कशाला सांगितलं बाई सगळ्यांना? आता ह्या माझ्याकडून फुलं घेताना भाव करायला लाजतील. झालं ते झालं, आपल्या दोघींत ठेवायचं होतं." मला त्याही वेळी वाटलं की माझ्या कबुलीतही थोडा मोठेपणा मिरवण्याचा भाग होता की काय. तसं असेल तर देवीने तेही पाहिलं असेल.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मुलाची बदली नाशिकला झाली, आम्ही सगळे एकत्र राहतो. संध्याकाळी दिवा लावून झाला की वैशाली माझ्यासमोर बसते, माझी पावलं एकेक करून हातात घेते, बोटांच्या मधे बघते, तळवा दाबून बघते आणि म्हणते, "स्वच्छ आहे, आई." मला तिचा हात कळत नाही, फक्त दिसतो. पायातली जाणीव परत येणार नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ती शरम मात्र अजून पहिल्या दिवसासारखी टोचते. पाऊल राहिलं म्हणून मी देवीचे आभार मानते, गिरजाबाईंना तिने माझ्याकडे तीनदा पाठवलं म्हणून त्याहून जास्त मानते. आता मागायचं असं फारसं काही राहिलेलं नाही. एवढंच मागते की आई, ही शरम बोथट होऊ देऊ नकोस.